मैदानाचा दाखला

साहित्याच्या चर्चासत्रांत गुणवत्तेचा विषय निघाला की कोणीतरी हटकून मैदानाचा दाखला देतो. पुरस्कारसमित्यांवर वशिला चालतो, अभ्यासक्रमात कोणाचे पुस्तक लागावे हे गटबाजी ठरवते. धावपट्टीवर मात्र यातले काही चालत नाही, घड्याळ कोणाची जात विचारत नाही, असे ते वाक्य असते. सभागृहात माना डोलतात. या वाक्याचा उरलेला अर्धा भाग चहाच्या वेळी ऐकू येतो: मैदानावर राखीव जागा नसतात, मग वर्गातच का? आम्ही हे इतक्यांदा ऐकले आहे की आता ते निमूटपणे ऐकून घेणे आम्हांला जमणार नाही. घड्याळाबद्दल आमची तक्रार नाही. पण घड्याळासमोर उभे कोणी राहायचे हे घड्याळ ठरवत नाही. ते नियमावली ठरवते, नियमावली माणसे लिहितात, आणि या माणसांविषयी आमचे विद्वान मित्र अवाक्षर काढत नाहीत.

'पात्रता' हा शब्दच पाहावा. पात्र म्हणजे भांडे. दान सत्पात्री असावे असे आपण म्हणतो, तेव्हा सत्पात्र कोण हे देणारा ठरवतो, घेणाऱ्याला त्यात मत नसते. शब्दाच्या पोटात दडलेला हा देणारा आपण विसरलो, आणि पात्रता ही जणू उंचीसारखी किंवा वजनासारखी ज्याच्या त्याच्या अंगात असलेली वस्तू आहे असे मानू लागलो.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात म्हसवड आहे. सिद्धनाथाच्या यात्रेचे हे गाव आता माणदेशी महिला सहकारी बँकेसाठीही ओळखले जाते. या बँकेच्या परवान्यासाठी पहिला अर्ज झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला; प्रवर्तक सभासदांत निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या हे कारण. पुढे काय झाले हे संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी अनेक जाहीर व्याख्यानांतून सांगितले आहे. बायका लिहावाचायला शिकू लागल्या, आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले: मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे. १९९७ साली बँक सुरू झाली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. आम्हांला तिच्यात दुसरेच दिसते. बँक चालवायला लागत होता हिशेब, आणि नियम मोजत होता सही. गुणवत्ता पहिल्या अर्जाच्या वेळीही तेथे होतीच. ती पाहण्याची सोय नियमात नव्हती.

याच तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. १३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक शर्यतीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ साली पी. टी. उषाने गाठली त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री ट्रॅकवरच्या वैयक्तिक ऑलिम्पिक अंतिम शर्यतीत उतरत होती. वृत्तपत्रांनी दुष्काळी भागातली मुलगी म्हणून रकाने भरले. दुष्काळ हा काही प्रशिक्षक नव्हे, हे त्या रकान्यांना सांगायचे राहून गेले. पण आम्हांला येथे वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. ललिता आपल्या प्राथमिक शर्यतीत चौथी आली होती, आणि थेट प्रवेश प्रत्येक शर्यतीतल्या पहिल्या तिघींनाच होता. ती आत गेली ती दुसऱ्या दरवाजाने: उरलेल्यांपैकी सर्वांत जलद सहा जणींना वेळेच्या आधारे घेण्याची तरतूद होती. एखादीच्या वाट्याला अवघड गट आला तर तिचे नुकसान होऊ नये, एवढी समज तो नियम लिहिणाऱ्याला होती.

पुढे हा दुसरा दरवाजा बंद झाला. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेपासून स्टीपलचेसमध्ये प्रत्येक प्राथमिक शर्यतीतले पहिले पाचच पुढे जाऊ लागले. वेळेवर प्रवेश नाही. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आपल्या शर्यतीत सातवा आला आणि बाहेर पडला. २०२४ मध्ये पॅरिसला तो पाचवा आला आणि अंतिम शर्यतीत धावला. बदल आधी जाहीर झाला होता, तेव्हा अन्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण पूर्वी प्राथमिक शर्यतीतले घड्याळ एखाद्याला वाचवू शकत होते, आता ते पाहिलेही जात नाही. घड्याळाचा दाखला देणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे: घड्याळाला किती किंमत द्यायची हेही बैठकीत ठरते.

राहिल्या राखीव जागा. फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जागा मिळतात. त्या किती मिळाव्यात हे आदल्या वर्षीच्या कामगिरीवर ठरते: दोन स्पर्धकांच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी असली तर तीन, २८ पर्यंत असली तर दोन. म्हणजे जपानची चौथ्या क्रमांकाची मुलगी घरी बसते, आणि तिच्याहून कमी गुणांची दुसऱ्या देशाची मुलगी किमान तांत्रिक गुणांची अट पुरी करून बर्फावर उतरते. हे आरक्षण नव्हे तर काय आहे? आम्हांला ते योग्य वाटते, नाहीतर जागतिक स्पर्धा म्हणजे चार देशांचे स्नेहसंमेलन होईल. पण मग ते आरक्षण आहे हे तरी कबूल करावे. आपल्याकडच्या शालेय कुस्तीत कोल्हापूर विभागातून दुसरा आलेला पोर राज्य पातळीवर जात नाही, दुसऱ्या एखाद्या विभागातला पहिला जातो. दोघांची कुस्ती लावली तर काय होईल हे तालमीतल्या कोणालाही विचारावे. तेथे गुणवत्तेचा खून झाला असे म्हणत मोर्चा निघालेला आम्ही पाहिला नाही.

देशाच्या वाट्याला जागा आल्या तरी त्या कोणाच्या, हा तंटा उरतोच. २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिराई नागासू तिसरी आली आणि ॲशली वॅगनर चौथी. सोचीच्या ऑलिम्पिकला पाठवली वॅगनर, कारण निवडसमितीने मागची कामगिरीही धरली. २०१८ साली नागासू दुसरी आणि वॅगनर पुन्हा चौथी आली, आणि या वेळी वॅगनर घरी राहिली. आपल्याकडे ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत दहा मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि पॅरिससाठी भारताला जागा मिळवून दिली. २०२४ च्या निवड चाचण्यांत तो मागे पडला आणि दुसऱ्या दोघांची निवड झाली. त्या वेळी मराठी माणसावर अन्याय झाल्याची हाकाटी उठली. आम्ही तीत सामील होऊ शकत नाही. जागा देशाची, आणि कोणी जायचे ते चाचणी ठरवणार, हे त्याला आणि इतरांना आधीपासून माहीत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेलाही स्वतः मिळवलेली जागा त्याच चाचण्यांत पुन्हा सिद्ध करावी लागली. त्याच्याच प्रकारात दुसरी जागा मिळवणाऱ्या अखिल शेओरानला ती राखता आली नाही. स्वप्नील पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला.

कुस्तीत याच्या नेमके उलट घडले. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटातली ऑलिम्पिकची जागा मिळवली. सुशीलकुमारने चाचणी मागितली, आणि जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. (नरसिंगचे पुढे उत्तेजक-चाचणीत जे झाले तो वेगळा, दुःखद विषय आहे.) नेमबाजीत जागा देशाची, कुस्तीत मिळवणाऱ्याची. आमच्या मते दोन्ही नियम न्याय्य ठरू शकतात. एका दिवसाच्या चाचणीत आजारी खेळाडू मारला जातो; दीर्घ कामगिरी धरली तर समितीच्या आवडीनिवडीला वाव मिळतो. यात निर्दोष पर्याय नाही. म्हणून आम्ही नियमाच्या गुणदोषांपेक्षा एकच गोष्ट मागतो: तो आधी लिहिलेला असावा आणि निवडीच्या दिवशी तोच पाळला जावा.

तो पाळला गेला नाही की काय होते हे २०१७ साली दिसले. भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या पी. यू. चित्रा, सुधा सिंग आणि अजयकुमार सरोज यांना लंडनच्या जागतिक स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. आशियाई विजेत्याला थेट पात्र धरण्याची आंतरराष्ट्रीय महासंघाची तरतूद होती, तिच्यावर आपल्या महासंघाने स्वतःची चाळणी लावली. चित्रा केरळ उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने तिला घ्या म्हणून आदेश दिला, आणि तोवर नावे देण्याची मुदत संपली होती. न्याय मिळाला आणि शर्यत गेली. चित्रा, सुधा, अजयकुमार यांच्या पायांत काही कमी होते असे कोणते घड्याळ म्हणत होते?

या साऱ्याआधीची आणखी एक चाळणी नियमावलीत कोठेच लिहिलेली नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला कसे गेले ही हकीकत सातारा जिल्ह्यात शाळकरी पोरेही सांगतात. निवड स्पर्धेत अन्यायाने डावलले गेल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लागली, ती त्यांनी जिंकली. पात्र ठरल्यावर प्रश्न आला पैशाचा. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ज्यांच्या प्राचार्यांना गहाण टाकायला घर नव्हते, किंवा टाकावेसे वाटले नाही, असे किती मल्ल त्या काळी मागे राहिले त्याची नोंद कोणत्या घड्याळात असणार?

हेलसिंकीतलाही एक प्रसंग सांगतात. एक दीर्घ कुस्ती संपल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामदबेयोव याच्यासमोर उतरवण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. ती मागायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता.