थकव्याचे खापर

२००४ पासून सरकार मोफत देत असलेल्या औषधांनी एचआयव्हीबाधितांचे आयुष्य वाढले. तरीही कोणी खंगला, की सारे खापर एचआयव्हीच्या माथी मारून आपण मोकळे होतो! मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी क्षयासारख्या संसर्गाने निकामी झाल्या, तर कॉर्टिसॉल आटते. थकवा, वांत्या, घसरलेला रक्तदाब ही त्याचीच लक्षणे. वेळीच निदान झाले, तर रोजच्या गोळ्यांनी माणूस सावरतो. न झाले, तर साधा तापही घात करतो. ही रक्ततपासणी सकाळी आठच्या सुमारास व्हावी लागते. ताम्हिणीच्या अशक्त रुग्णाने तेवढ्यात पुणे गाठावे कसे? आमची मागणी एवढीच : रक्त पौडलाच घ्यावे, नमुना पुण्यास धाडावा. मुळशीच्या पाण्याने मुंबईत दिवे लावले. मुळशीकरासाठी एवढेही होऊ नये काय?