आरोग्य आणि आपण : भूल देताना घशात फवारा कशाला?



बऱ्याच दिवसांनी ऑपरेशनची तारीख मिळते. रोजंदारी बुडवून माणूस दवाखान्यात भरती होतो. भुलीचे डॉक्टर विचारपूस करायला येतात, तेव्हा घरातले हळूच खुणावतात, "बी.पी.चं बोलू नका, नाहीतर तारीख पुढे जाईल." ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते, म्हणून आज त्याविषयी आम्ही लिहीत आहोत.

मोठ्या ऑपरेशनात पूर्ण भूल दिल्यावर पुष्कळदा तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात, त्यातून श्वास चालू ठेवतात. स्वरयंत्राचा भाग फार नाजूक. पाण्याचा थेंब तिकडे गेला तरी आपल्याला ठसका लागतो. तेथे नळी लागताच, माणूस भुलीत असला तरी, शरीर दचकते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. काही मिनिटांत हे ओसरते. धडधाकट माणसाला ते सोसते. पण ज्याचा रक्तदाब मुळात जास्त आहे किंवा हृदय अधू आहे, त्याच्या हृदयाला वा मेंदूला तेवढ्यात इजा होऊ शकते.

म्हणून डॉक्टर गरजेप्रमाणे आधी घशात व स्वरयंत्रावर लिग्नोकेन फवारतात. दात काढताना हिरडी बधिर करायला बहुधा हेच औषध टोचतात. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केले. जागा बधिर झाली की हा धक्का सौम्य होतो, पण पूर्ण टळेलच असे नाही. औषध लागू पडायला थोडी मिनिटे जावी लागतात. मात्राही बेतानेच द्यावी लागते, कारण जास्त झाल्यास अपाय होतो. काहींना शिरेतून औषध देतात. कोणाला काय द्यायचे, हे डॉक्टर तुमच्या उत्तरांवरूनही ठरवतात.

तेव्हा रक्तदाब, मधुमेह, दमा, छातीतले दुखणे, चालू गोळ्या, न सोसणारे औषध, हलणारा दात, कवळी, सारे सांगा. बिडी, मिश्री, दारूही सांगा. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची का, ते विचारा. मनाने बंद करू नका. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोग्याला पाणी पाजू नका. घसा बधिर असेल तर ते फुप्फुसात जाईल.

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. खोटे न बोलण्याचे चौथे शील दवाखान्याच्या खाटेवरही पाळायचे असते. तारीख पुढे गेली तर चार दिवसांची मजुरी जाईल. ती पुन्हा मिळवता येते, माणूस मिळत नाही.