श्रेयांकाला राज्याची सीमा कशासाठी?

डिचोली तालुक्यातील पाळी हे गाव नकाशावर पाहिले तर गोव्याच्या ऐन आतले वाटते. प्रत्यक्षात साखळीहून चोर्ला घाट चढला की बेळगावची वाट लागते, आणि डिचोलीहून दोडामार्गाकडे वळले की सिंधुदुर्ग जिल्हा येतो. या तिन्ही दिशांना पदवीपर्यंत मराठी शिकविणारी महाविद्यालये आहेत. तरीही पाळीच्या मुलीला भाषाविज्ञानाचा किंवा लोकसाहित्याचा एखादा पेपर शिकायचा असेल आणि तिच्या महाविद्यालयात तो पुरेशा विद्यार्थ्यांअभावी चालविला जात नसेल, तर सीमेपलीकडच्या महाविद्यालयाचा तो पेपर घरबसल्या घेऊन त्याचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करण्याची रुळलेली वाट तिच्यासमोर नाही. ती मुकाट्याने दुसरा विषय घेते. पुढच्या वर्षी वर्गात आणखी एक नाव कमी होते, आणि कमी संख्येच्या कारणाने त्या पेपराचा विचारही होत नाही. सीमाभागातील मराठीची उच्च शिक्षणातील पीछेहाट ही अशी, गाजावाजा न होता चाललेली आहे.

हा दुरावा पुरातन नाही. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न होती, आणि सावंतवाडीचे महाविद्यालयही त्याच विद्यापीठाचे. म्हणजे पणजीचा आणि सावंतवाडीचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाची पदवी घेत होता. १९६७ चा जनमत कौल तोवर होऊन गेला होता, गोवा वेगळा राहणार हे ठरले होते. त्यानंतरही विद्यापीठ एकच होते आणि त्याने गोव्याच्या वेगळेपणाला कोणतीही बाधा आली नाही. शासनाची सीमा आणि विद्येची सीमा एकच असली पाहिजे, असा काही नियम नाही, हे आपल्याच इतिहासाने दाखवून दिलेले आहे. गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले हे योग्यच झाले. पण जुन्या संलग्नतेसोबत देवाणघेवाणही तुटली, ती तुटण्याची गरज नव्हती.

आज ती जोडण्याचे साधन गोव्यानेच तयार करून ठेवले आहे. २०२० साली टाळेबंदीत वर्ग बंद पडले, तेव्हा गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ हा उपक्रम हाती घेतला. वेगवेगळ्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी आपापल्या विषयाचे पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले, सोबत लेखी टिपण दिले आणि ते सर्वांसाठी खुले केले. साखळीच्या शासकीय महाविद्यालयातील पाठ विर्नोड्याच्या विद्यार्थ्याला मिळू लागला. इतके छोटे राज्य हे करू शकले, याचे कौतुक महाराष्ट्रात फारसे कोणी केले नाही. विर्नोड्याच्या त्या शासकीय महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. सोहिरोबा जन्माने बांद्याचे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातले. ज्या संतकवीचे नाव पेडणे तालुक्याने आपल्या महाविद्यालयाला अभिमानाने दिले, त्याच्या कवितेवरील पेपर पेडणे आणि सावंतवाडी येथील विद्यार्थ्यांनी एकत्र का शिकू नये?

अडचण जाळ्याची नाही, मान्यतेची आहे. पाठ कोणीही पाहू शकतो, पण त्याचे श्रेयांक कोण देणार? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून दूरशिक्षण देत आहे. तीन दशकांत स्वयं-अध्ययनाची एवढी मराठी पुस्तके दुसऱ्या कोणी तयार केलेली नाहीत. परंतु राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रे राज्याबाहेर चालविता येत नाहीत. दोडामार्गापर्यंत आलेले नाशिकचे पुस्तक सीमेच्या नाक्यावर थबकते ते यामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मात्र पूर्णतः ऑनलाइन अभ्यासक्रमांवर हे प्रादेशिक बंधन ठेवलेले नाही. २०२१ च्या विनियमांनुसार ‘स्वयम्’ या केंद्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात, आणि ते साठविण्यासाठी त्याच वर्षी श्रेयांक बँकेची व्यवस्थाही झाली. दार उघडे आहे, आत मराठी नाही, एवढाच प्रश्न. ‘स्वयम्’वर इंग्रजी आणि हिंदीच्या मानाने मराठीची उपस्थिती नगण्य आहे.

येथे एक भाषिक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुण्या-नाशिकचा पाठ जसाच्या तसा पाळीला पाठविणे म्हणजे देवाणघेवाण नव्हे. जमिनीच्या हक्कांवरचा धडा सातबाऱ्याचे उदाहरण देईल. गोव्यातील विद्यार्थ्याच्या घरी एक-चौदाचा उतारा असतो, बेळगावकडे पहाणी म्हणतात. महाराष्ट्राच्या पुस्तकातील तहसीलदार गोव्यात मामलेदार होतो. मुंडकार आणि कोमुनिदाद हे शब्द तर कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने ऐकलेलेही नसतील. यातला कोणताही शब्द अशुद्ध नाही, हे तीन राज्यांच्या कारभारातून मराठीत आलेले तीन शब्दसंग्रह आहेत. सामाईक अभ्यासक्रम झाला तर तिन्ही शब्द एका पानावर येतील, आणि परिभाषेची जी चर्चा आपण केवळ समित्यांत करतो ती विद्यार्थ्यांच्या वह्यांत होईल.

द्यायलाही गोव्याकडे पुष्कळ आहे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे ख्रिस्तपुराण राशोलच्या परिसरात कसे वाचले पाहावे, हे गोव्याचा प्राध्यापक जितक्या जवळिकीने सांगेल तितके नाशिकचा सांगणार नाही. सत्तरीचे रणमाले, पेडण्याच्या जत्रेत उभे राहणारे दशावतारी नाटक. दशावतारी मंडळ्यांना तर सिंधुदुर्गातून पेडण्यात येताना कोणाची समकक्षता लागत नाही!

दोन हरकती येतील. पहिली अशी की हा कोकणीविरुद्धचा डाव आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही त्यात जागा मिळाली. त्या चौकटीला येथे धक्का लागत नाही. कारवारच्या विद्यार्थ्याला गोव्याचा कोकणीचा पेपर मिळावा, ही मागणीही याच न्यायाने रास्त ठरते, आणि आपण तिला पाठिंबा दिला पाहिजे. दुसरी हरकत प्राध्यापकांची आहे आणि ती गंभीर आहे: एक मुद्रित पाठ चार महाविद्यालयांना पुरला, तर तीन पदे रद्द करण्याचा मोह प्रशासनाला होईल. म्हणून करारातच लिहून घ्यावे लागेल की जे महाविद्यालय पेपर घेते त्याने एक पेपर द्यावा, आणि घेणाऱ्या ठिकाणी संपर्कसत्रे घेणारा, निबंध तपासणारा मराठीचा शिक्षक असलाच पाहिजे. मुद्रित पाठ शंका विचारू देत नाही. शिवाय डोंगरातल्या वाड्यांत जिथे चित्रफीत अडखळते, तिथे लेखी टिपणच कामी येते, तेव्हा टिपणाविना पाठ स्वीकारू नये.

खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हा डिचोलीच्या खाणपट्ट्यातील अनेक घरांचे खनिजवाहू ट्रक उभे राहिले. अशा घरातला मुलगा दिवसा नोकरी करून रात्री शिकतो. त्याला सावंतवाडीचा किंवा बेळगावचा वर्ग गाठता येणार नाही, पाठ मात्र गाठता येईल.

सुरुवात एका पेपराने करता येईल. साखळी, विर्नोडा, सावंतवाडी आणि बेळगाव येथील मराठी विभागांनी लोकसाहित्याचा एक पेपर सामाईक म्हणून आखावा, तो आपापल्या विद्यापीठाच्या मराठी अभ्यासमंडळापुढे एकाच वेळी ठेवावा, आणि रिद्धपूरच्या नव्या मराठी भाषा विद्यापीठाने तो ‘स्वयम्’वर नेण्याची जबाबदारी घ्यावी. अभ्यासमंडळांपुढे प्रस्ताव जाण्याला वेळ लागतो. जूनमध्ये वर्ग सुरू व्हायचे असतील, तर विभागप्रमुखांची पहिली बैठक दिवाळीच्या सुटीपूर्वी झाली पाहिजे.