श्रम हीच उपासना

प्रार्थना तेवढी पवित्र आणि हातांचे काम हलके, ही समजूत ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीच विसंगत आहे. खुद्द येशू सुतार होता. प्रेषित पौलाने करिंथ नगरात तंबू शिवून आपला निर्वाह केला. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) निराधार स्त्रियांस विणकाम, शेती व छपाई शिकविली. बाईंनी भाषांतर केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच स्त्रियांनी जुळविले. दयेच्या अन्नाने देह जगतो, परंतु स्वकष्टाच्या भाकरीनेच स्वत्व जागे होते. मात्र श्रम प्रामाणिक हवा. रविवारी स्तोत्रे गाऊन सोमवारी मापात पाप करणाऱ्याची उपासना देवास कशी रुजू व्हावी? ज्याचे माप खरे, त्याचीच प्रार्थना खरी!