विश्लेषण : विंडोज १० चा सपोर्ट संपला, मंडईतल्या छोट्या ऑफिसांनी जुने संगणक भंगारात द्यायचे का?

मंडईच्या आसपास, शुक्रवार आणि बुधवार पेठेत, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर पाच-सात संगणकांची कितीतरी ऑफिसं चालतात. कर सल्लागार, घाऊक व्यापारी, छपाईवाले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ टाकायचं, तर टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. त्याआधीची यंत्रं ठणठणीत असूनही बाद ठरतात. व्यवसायांना जास्तीचे सुरक्षा अपडेट विकत मिळतात, पण पहिल्या वर्षी एका संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तेही फक्त तीन वर्षं.

म्हणूनच लिनक्स थिन क्लायंटची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे.

थिन क्लायंट म्हणजे नेमकं काय?

टेबलावरच्या संगणकात काहीच साठवलेलं नसतं. बटण दाबलं की तो नेटवर्कवरून सर्व्हरकडे ऑपरेटिंग सिस्टिम मागतो आणि तीच वापरतो. फाइल्स सर्व्हरवर. अपडेट एकदाच, एकाच ठिकाणी करायचं. १९९९ पासून चालत आलेला एलटीएसपी हा मोफत प्रकल्प हेच काम करतो.

पूर्वी यात प्रोग्रॅमही सर्व्हरवरच चालायचे. २०१९ मध्ये एलटीएसपी नव्याने लिहिलं गेलं आणि आता प्रोग्रॅम टेबलावरच्या यंत्राच्या प्रोसेसरवर चालतात. त्यामुळे अगदीच जुनाट डब्यात जीव येईल, अशी आशा धरू नये. रॅम कमी असेल तर ब्राउझरच दम काढतो. शिवाय स्विच आणि केबल गिगाबिट हव्यात. इथे काटकसर केली की सकाळी सगळे एकदम संगणक सुरू करतात तेव्हा कळतं.

अडतं कुठे?

टॅलीवर. ते विंडोजसाठी बनलेलं आहे. एक विंडोज संगणक ठेवून इतरांनी त्यावर दुरून काम करायचं म्हटलं, तर साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर आणि त्याचे वेगळे परवाने घ्यावे लागतात. म्हणजे वाचवलेले पैसे तिकडे. युनिकोड मराठी लिनक्सवर सहज टाइप होतं, पण श्रीलिपीच्या जुन्या फाइल्स आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. डिजिटल सहीचं टोकन आणि स्कॅनरही आधी तपासलेलं बरं.

सगळ्यात मोठी जोखीम मात्र वेगळीच. सर्व्हर बसला की अख्खं ऑफिस बसतं. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरताना हे झालं, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि तीही प्रत्येक अशिलाच्या विवरणपत्रामागे. म्हणून सर्व्हरला यूपीएस आणि रोजचा बॅकअप यांचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय 'लिनक्स फुकट आहे' हे म्हणणं फसवं आहे.

चाचणी मात्र स्वस्तात होते. नेटवर्कवरून सुरू केलेला संगणक स्वतःच्या हार्डडिस्कला हात लावत नाही. दोन यंत्रांवर महिनाभर चालवून पाहायचं. नाही जमलं, तर बूटची सेटिंग बदलली की जुनं विंडोज जागेवरच असतं.