वस्त्र नव्हे, रेषा वाचा

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 साली सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात झाला. पुढे त्यांच्या एका चित्राविरुद्ध देशभर ज्या तक्रारी दाखल झाल्या, त्यांतली एक पंढरपूरचीच होती. 2006 मध्ये ‘भारतमाता’ या नावाने लिलावात आलेले ते चित्र निर्वस्त्र स्त्रीदेहाचे होते. त्या देहाचाच देशाचा नकाशा झालेला होता. देह उघडा म्हणून चित्र अश्लील आणि देह मातेचा म्हणून अपमानकारक, असा पूर्वपक्ष होता.

यातला पहिला भाग आपल्याच मातीत टिकत नाही. सोलापूरपासून फार लांब नसलेल्या तेरला लज्जागौरीच्या प्रतिमा सापडल्या आहेत. मस्तकाच्या जागी कमळ आणि देह पूर्ण उघडा, अशी ही सृजनदेवता. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नग्नता म्हणजेच विटंबना मानली, तर तिला घडवणारे आणि पुजणारे सगळेच गुन्हेगार ठरतील.

यावर आक्षेपक म्हणतील, ती मूर्ती श्रद्धेतून घडली, हुसेन यांच्या हेतूचे काय? हा प्रश्न जास्त वजनाचा आहे आणि तो विचारणाऱ्यांचे दुखावणे खोटे नाही. पण हेतूची शंका म्हणजे चित्रातला पुरावा नव्हे. पुरावा रेषेत शोधावा लागतो. देहाचा तोल कुठे आहे, अंग सैलावले आहे की ताणले आहे, आकृती पाहणाऱ्याला खुणावते की स्वतःच्या दुःखात बुडालेली आहे? या चित्रातले केस हिमालयासारखे पसरतात, अंगावर प्रदेशांची नावे आहेत. म्हणजे नजर अवयवांवर थांबण्याआधीच भूमीवर जाते. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. संजय किशन कौल यांनीही 8 मे 2008 च्या निकालात व्यथित स्त्रीच्या रूपातला देश पाहिला आणि हुसेन यांच्यावरची फौजदारी कारवाई रद्द केली.

चित्र न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फसले असेल तर तसे लिहावे, कठोर लिहावे. मात्र तसे लिहिण्याआधी चित्र वाचावे लागते, आणि वाचायला शिकवावे लागते. आपल्या शाळांत मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा देतात, काढायला शिकतात. मानवाकृती पाहायलाही त्यांना तिथेच शिकवा. हुसेन यांच्या जन्मजिल्ह्याने ही सुरुवात करावी.