गिधाडाचं काम कुत्र्याच्या गळ्यात

मेलेली जनावरं भटकी कुत्री खातातच, मग गिधाडं हवीत कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोघांचीही पोटं मढ्यावर भरतात, म्हणून दोघांचं काम एकच, असा हा हिशेब. तो मुळातच चुकलाय.

गिधाडांचा मोठा थवा उतरला की बैलाचा सांगाडा व्हायला तासही लागत नाही. पिसं नसलेली मान थेट बरगड्यांच्या आत जाते. आपण जिला ओंगळ म्हणतो त्या मानेचा उपयोग हाच. जठरातलं आम्ल इतकं जहाल, की बहुतेक रोगजंतू तिथंच मरतात. पोट भरलं की गिधाड नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यावर परततं. कुत्रं लचका वस्तीपर्यंत ओढत आणतं, उरलेलं ओढ्याकाठी कुजत पडतं, आणि मढं संपलं की कुत्र्यांचा मोर्चा गावाकडे वळतो. रेबीजचं भय ते वेगळंच.

‘निसर्ग आपोआप भरपाई करतो’ हेही खोटं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९९२ ते २००७ या काळात देशातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. भरपाई म्हणून कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानं २००० ते २००५ या काळातल्या सुमारे पाच लाख जादा मानवी मृत्यूंचा संबंध गिधाडं नाहीशी होण्याशी जोडला. ही भरपाई म्हणायची?

यात कुत्र्याचा दोष नाही. नको ते काम आपणच त्याच्या गळ्यात मारलं. पण टाकेदच्या तीर्थावर जाऊन जटायूला हात जोडायचे आणि कड्यावरच्या त्याच्या भाऊबंदांना अपशकुनी ठरवायचं, हा दुटप्पीपणा तरी सोडू.

‘आता उशीर झाला’ हा शेवटचा आक्षेप. त्याला हरसूलजवळच्या खोरीपाड्यानं उत्तर दिलंय. तिथं वनखातं आणि गावकरी मिळून मेलेली गुरं गिधाडांसाठी ठेवतात, आणि गिधाडं उतरतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही तशीच घातक वेदनाशामकं २०२३ पासून. गिधाडांना न बाधणारं मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक बाजारात मिळतं. पशुपालकांनो, गाय आजारी पडली तर डॉक्टरांकडे तेच मागा, आणि बंदी घातलेलं औषध टोचलेलं जनावर दगावलं तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरा.